मऊ शिसे

इझिकेलने अंगठ्याचे नख दाबले आणि ते सहज आत गेले. शिशाच्या तुकड्यावर बारीक चंद्रकोर उमटली. त्याने तुकडा शेडच्या सिमेंटवर टाकून पाहिला. खणखणाट झाला नाही. भिजलेल्या कणकेचा गोळा पडावा तसा आवाज आला.

"मऊ आहे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि बिस्किटांचा जड पत्र्याचा डबा त्याने कामाच्या टेबलावर उपडा केला.

शेगडी अजून पेटवली नव्हती. वितळवण्याआधी प्रत्येक तुकडा हातात घ्यायचा, पुसायचा, कोरडा करायचा, हा त्याचा नियम होता. ओला तुकडा वितळलेल्या शिशात पडला की भांडे तोंडावर उसळते. साउथहॅम्प्टनच्या गोदीत तीस वर्षे फिटर म्हणून काढताना त्याने अशाने एकाचा डोळा गेलेला पाहिला होता.

त्याला जिग ओतायच्या होत्या. जिग म्हणजे मानेशी शिशाचे डोके बसवलेला गळ. दोरी ओढली की ती पाण्यात जखमी माशासारखी उड्या मारत येते आणि बास मासा तिच्यावर झडप घालतो. इझिकेलचे साचे त्याने स्वतः अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरले होते. त्यात कल्ले होते, डोळ्याची खोबण होती, ओठाची रेघसुद्धा होती. गाडीच्या चाकांना लावायची वजने वितळवून पाहिली, तर ते कडक शिसे कोपऱ्यात पोहोचण्याआधीच थिजले आणि मासे आंधळे निघाले. मऊ शिसेच हवे. पूर्वी शेजारचा प्लंबर जुन्या नळांचे तुकडे आणून द्यायचा, तो गेला. दुकानातून नवा पत्रा घेता आला असता, पण भंगारात मिळते ते विकत घ्यायचे हे इझिकेलच्या फिटर मनाला पटत नव्हते. तेव्हा शेखर म्हणाला होता, "मी बघतो काका."

चंद्रशेखर चाळिशीचा, पुण्याचा, इथल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळणारा. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर इझिकेलला कुणाशी तरी फोनवर मराठीत भांडताना ऐकून तो जवळ आला होता. गेल्या वर्षी डोळ्यांमुळे इझिकेलचे लायसन्स गेले. तेव्हापासून दर रविवारी शेखर गाडी घेऊन यायचा. इझिकेलच्या काठ्या आता त्याच्या गाडीच्या डिकीतच असत. ज्या गोट्यांच्या किनाऱ्यावर बास लागतो तिथे बस जात नव्हती. समुद्र म्हणजे शेखर, असे आता झाले होते.

टेबलावर इंग्रजी अक्षरांचा ढीग पडला होता. इंचभर उंचीची, चपटी, वरून काळी.

गुरुवारी डबा देताना शेखर म्हणाला होता, "जुन्या छापखान्याचे खिळे आहेत काका. बूट सेलमध्ये, लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथं, एक जण विकत होता. बाबांची आठवण आली."

शेखरच्या वडिलांचा गुरुवार पेठेत छापखाना होता. गाडीत तासभर तो त्याच गोष्टी सांगायचा आणि इझिकेल त्या आवडीने ऐकायचा. सात वर्षांचा असल्यापासून शेखर खिळे जुळवायला बसे. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अंगठा खाचेवरून गेला की न बघता कळते, अक्षर कुठल्या बाजूने लावायचे. "आणि खिळ्यावर अक्षर उलटं असतं," शेखर म्हणायचा. "मी उलटं वाचायला आधी शिकलो काका, सुलटं नंतर. बाईंनी पाटीवर मारलेल्या फुल्या अजून आठवतात."

इझिकेलने फडक्याने एक अक्षर पुसले. आर. मग ओ. ओच्या पोटात राखाडी शेवाळ वाळून घट्ट बसले होते. ते त्याने स्क्रू ड्रायव्हरने उकरले. शेवाळाबरोबर एक मेलेली गोम निघाली, दोन तुकड्यांत.

त्याला चैन पडेना. छपाईच्या दाबाखाली इतके मऊ शिसे पहिल्या शंभर कागदांतच चेपून जाईल. हे फिटरला कळणारच. शिवाय ही अक्षरे सुलटी होती. शेखर फसला बिचारा, त्याला वाटले. बूट सेलवाल्याने काहीतरी थाप मारली.

त्याने आर पालथा केला. मागे तीन छोटे खुंट होते, बोटाच्या पेराएवढेही नाहीत, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांना कललेले. एका खुंटाला पांढरा कण चिकटला होता. त्याने कण नखाने काढायचा प्रयत्न केला. नख मोडले, कण निघाला नाही. उजेडात धरला तर साखरेसारखा चमकला.

संगमरवर.

इझिकेल स्टुलावर बसला. चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ झॅकरी गेला, तेव्हा दगड करणाऱ्या कारागिराने नमुने मांडले होते. कोरीव अक्षरे, सोन्याच्या वर्खाची अक्षरे, आणि तिसरी शिशाची. दगडात तिरपी भोके पाडायची, त्यात शिसे ठोकून बसवायचे, वर काळा रंग. कारागीर अभिमानाने म्हणाला होता, भोके तिरपी असतात म्हणून शंभर वर्षे अक्षर हलत नाही. मुद्दाम उचकटले तरच निघते.

ढिगात ई फार होते. एन, ओ आणि व्हीसुद्धा, 'इन लव्हिंग मेमरी' लिहायला लागतात तशी. काही अक्षरांच्या कडांवर पटाशीचे घाव ताजे, चकचकीत होते.

त्याला एकाएकी आपल्या तोंडाची जाणीव झाली. दोरीची गाठ आवळताना जिग ओठांत धरायची त्याची चाळीस वर्षांची सवय होती. मागच्या महिन्यातही शेखरनेच शिसे आणले होते, ओबडधोबड ठोकलेले गोळे. त्यावरही काळा रंग होता, हिरवे डाग होते. एखाद्या छपराचे असेल, असे इझिकेलने ठरवले होते. त्या वर्षी शिशाच्या पत्र्यांसाठी चर्चची छपरे रातोरात उघडी पडत होती. स्थानिक पेपरात दर आठवड्याला फोटो यायचा. छप्पर कुणाचे, हे त्याने विचारले नव्हते. त्या गोळ्यांच्या चाळीस जिग झाल्या होत्या, आणि त्यांतली एक गेल्या रविवारी अर्धा दिवस त्याच्या ओठांत येऊन जाऊन होती.

जिभेवर गोडसर, पत्र्यासारखी चव आली. ती खरी नाही हे त्याला कळत होते. तो बाहेर जाऊन गवतात थुंकला. पुन्हा थुंकला.

अंगणातल्या नळाखाली तो हात धूत होता तेव्हा ईवा मागच्या दारात आली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला त्या नळावर हात धुताना एकाच कारणासाठी पाहिले होते. कबरस्तानातून आल्यावर हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे त्यांच्या बेने इस्रायली घरांत रेवदंड्याला असल्यापासूनचे होते.

"काय हो, कुणाला पुरून आलात?" ती म्हणाली. "शेडमध्येच उरकलंत की काय?"

तो तिसऱ्यांदा साबण लावत राहिला.

"जेवायला या. नारळाच्या रसातलं कालवण केलंय. तुमचाच मासा. शेखरच्या गाडीची सीट घाण केलीत तोच."

ताटात माशाची पांढरी पाकळी होती, आणि तिच्या कडेला जबड्याजवळचा काळपट भाग, जिथे जिग रुतली होती. ईवा तो भाग नेहमी त्याला वाढायची, त्याला आवडायचा. त्याने घास तोंडाजवळ नेला. नारळाचा, चिंचेचा वास आला आणि त्याखालून ओल्या दगडाचा. त्याने घास ताटात ठेवला.

"खारट झालंय?"

"नाही."

"मग? आता माझ्या हातचंही बाधायला लागलं?"

"पोट बरं नाही. फ्रीझरमध्ये अजून किती आहे यातलं?"

"दोन डबे. का?"

"टाकून दे."

ईवाने त्याच्याकडे बघितले. अन्न टाकायचा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. ती उठली, त्याचे ताट झाकून ठेवले, आणि डबे मात्र टाकले नाहीत.

शुक्रवारी सकाळी तो बसने कबरस्तानात गेला. ज्यूंचा भाग भिंतीच्या आत, उजव्या अंगाला होता. झॅकरीचा दगड जागेवर होता. कोरीव अक्षरे, एकही हलले नव्हते, हलणार कसे. बरे झाले कोरलेली घेतली, असे त्याच्या मनात आले, आणि त्या विचाराची त्याला इतकी किळस वाटली की रिवाजाप्रमाणे दगडावर ठेवायला उचललेला खडा त्याने खिशातच ठेवला.

भिंतीपलीकडे ख्रिस्ती थडग्यांच्या जुन्या ओळी होत्या. एक माणूस गवत कापत होता. त्याने यंत्र बंद केले.

"कोणाला शोधताय?"

"शिशाची अक्षरं गेलेले दगड," इझिकेल म्हणाला.

माणसाने त्याच्याकडे नीट बघितले. मग हाताने पूर्ण ओळ दाखवली. "ईस्टरपासून तिसरी वेळ. पोलिसांनी क्राइम नंबर दिलाय. नंबर तेवढा छान मोठा आहे." त्याने पुन्हा यंत्र चालू केले.

दगड उभेच होते. पांढरे, गुळगुळीत आणि मुके. जवळ गेल्यावर दिसले की प्रत्येक अक्षराच्या जागी उथळ खोबण होती आणि तिच्यात बारीक भोके. काहींच्या कडा उचकटताना फुटल्या होत्या. इझिकेलला चष्म्यातून ते नीट लागेना. म्हणून त्याने बोट टेकवले. भोकाभोकांतून बोट खाली गेले, वर आले, पुन्हा खाली. एम. मग ए. तो सावकाश पुढे गेला. मेबल. कोण होती ते पुढच्या ओळीत असणार. तो वाचत गेला नाही. एका भोकात कोळ्याने घर केले होते. बोटाला त्याचे जाळे चिकटले, ते निघता निघेना.

परतीच्या बसमध्ये त्याने ठरवले, शेखरला हे हळूच सांगायचे. त्यांच्यात माणसाला जाळतात. दगड नाही, अक्षर नाही. थडग्यावरचे शिसे त्याने कुठून पाहिलेले असणार? त्याने अक्षरे पाहिली आणि त्याला बाप आठवला. अशी चूक त्याच्यासारख्याच माणसाची होऊ शकते. हे सुचल्यावर इझिकेलला बरे वाटले. सगळे सांगितले की शेखरला धक्का बसेल. दोघे मिळून डबा परत नेऊन देतील. आणि रविवार राहील.

घरी येऊन त्याने अंगणातल्या नळावर हात धुतले. ईवाने खिडकीतून पाहिले. या वेळी तिने टॉवेल आणून दिला.

रविवारी त्याने पहाटेच चहा केला. डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता. त्यातला आर काढून त्याने खिडकीच्या कठड्यावर उभा केला. बाहेरचा उजेड त्याच्या पोटातून आरपार येत होता. पाय उजवीकडे, पोट उजवीकडे. पहिलीतल्या पोरानेही वाचला असता.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी उलटं वाचायला आधी शिकलो काका. असे म्हणणाऱ्याला हा सुलटा दिसला नसेल?

चहावर साय धरली.

साडेआठला गाडीचा हॉर्न वाजला आणि शेखर मागच्या दाराने आत आला. पायात गुडघ्याएवढे बूट, अंगाला सनक्रीमचा वास.

"चला काका. भरती सव्वादहाला आहे. काकू, आज तुमच्यासाठी चार किलोचा आणतो, भांडं मोठं काढून ठेवा." त्याला डबा दिसला. "हे काय, ओतलं नाहीत अजून?"

"बस," इझिकेल म्हणाला.

"उशीर होईल."

"हात दे."

शेखरने हसत हात पुढे केला. इझिकेलने कठड्यावरचा आर त्याच्या तळव्यावर ठेवला. शेखर ईवाकडे बघत होता, तिने पुढे केलेल्या बिस्किटांकडे. त्याची बोटे आपोआप मिटली. अक्षर दोन बोटांत फिरले आणि अंगठा त्याच्या कडेवरून खाली सरकला, वर आला, पुन्हा खाली गेला, काहीतरी शोधत. मग थांबला.



"खाच सापडली?" इझिकेलने विचारले.

शेखरने मूठ मिटली. बिस्कीट घेतले नाही.

"इंडस्ट्रियल इस्टेटवर एक माणूस आहे," तो म्हणाला. "व्हॅन घेऊन येतो. मी त्याला विचारत नाही, तो सांगत नाही."

"मला खिळे म्हणालास."

"काहीतरी सांगायला हवं होतं. मागच्या वेळी तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मागच्या वेळी सांगितलं नाही."

"मागच्या वेळी काय होतं?"

"हेच." शेखर डब्याकडे बघत होता. "ठोकून आणलं होतं मी. गॅरेजमध्ये बसून. तुम्हाला बरं वाटणार नाही म्हणून. या वेळी ऑफिसमध्ये रिलीज होतं, वेळ नाही मिळाला."

ईवाने बिस्किटांची बशी खाली ठेवली.

"थडगी आहेत ती," इझिकेल म्हणाला.

"शंभर शंभर वर्षं जुनी, काका. कुणी येत नाही तिथं."

"मी गेलो होतो."

शेखरने खांदे उडवले नाहीत, मानही खाली घातली नाही. तो खरोखर समजावून सांगत असल्यासारखा म्हणाला, "तुम्हाला मऊच हवं होतं ना. कडक आणलं असतं तर तुम्हीच परत केलं असतंत. डोळे उठत नाहीत म्हणून."

इझिकेल उठला. शेखरच्या शेजारून तो बाहेर गेला, पायवाटेने गाडीपाशी आला आणि त्याने डिकी उघडली. काठ्यांची लांब पिशवी काढली आणि कुंपणाला टेकवून ठेवली. मग रिळांची पेटी. मग बूट. बुटांतून मागच्या रविवारची वाळू गाडीत सांडली, ती त्याने तळव्याने गोळा केली आणि बाहेर टाकली. तीन खेपा झाल्या. शेखर दारात उभा राहून बघत होता, मदतीला आला नाही. शेवटी तो गाडीत बसला. काच खाली करून त्याने मुठीतला आर कुंपणाच्या खांबावर ठेवला.

"पुढच्या रविवारी फोन करू?" त्याने विचारले.

इझिकेलने डिकी लावली. ती एकदा नीट लागली नाही म्हणून पुन्हा उघडून लावली.

गाडी गेल्यावर त्याने सामान शेडमध्ये नेले. काठ्यांना भिंतीशी जागा करावी लागली. वर्षभरात तिथे ईवाच्या कुंड्या आल्या होत्या. ईवा डबा घेऊन मागोमाग आली. तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागत होता. वर तिने आर ठेवला होता.

"उद्या कबरस्तानात मीही येते," ती म्हणाली. "एकट्याला हे ओझं बसमध्ये चढवता यायचं नाही."

"कुठलं कुणाचं, त्यांना तरी काय कळणार?"

"लावतील. शोधतील. भोकं असतील ना."

"भोकं आहेत."

ती गेली. स्वयंपाकघरात फ्रीझरचे दार उघडल्याचा आणि मग कचऱ्याच्या डब्याचे झाकण पडल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

इझिकेलने फळीवरून जिगची पेटी काढली. खणाखणांत त्या ओळीने झोपल्या होत्या, निळ्या पाठीच्या, लाल डोळ्यांच्या. प्रत्येकीचे कल्ले उठले होते, ओठाची रेघ उठली होती. इतके सुबक काम त्याच्या हातून पूर्वी झाले नव्हते. त्याने एक उचलली, डोळे मिटले आणि डोक्यावरून अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर, मग आडवा, एखादे अक्षर हाताला लागते का बघत. दुसरी घेतली.

गुळगुळीत होती.